पुशरॉड गेला म्हणून बुलेटची ओढ गेली?

रॉयल एनफिल्डच्या बुलेटवाल्यांत एक वाक्य वेदवाक्यासारखं फिरतं: 'पुशरॉडला टॉर्क, ओव्हरहेड कॅमला पॉवर. कंपनीने कॅम वर नेला आणि बुलेटची ओढ घालवली.' कॅम म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा उंचवट्यांचा दांडा. तो खाली असला की त्याचा धक्का लांब पुशरॉडने वर न्यावा लागतो; वर सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये असला की तो ओव्हरहेड कॅम. आणि टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद.

आधी ओढीचं बघू. जुन्या ३४६ सीसी पुशरॉड इंजिनाचा टॉर्क २८ न्यूटन-मीटर, ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेरे). २०२० मध्ये त्याच कंपनीच्या मीटिऑर मोटरसायकलबरोबर आलेल्या ३४९ सीसी ओव्हरहेड कॅम इंजिनाचा २७, तोही ४००० लाच. हा एका न्यूटन-मीटरचा फरक ज्याला सीटवर बसून कळतो, त्याला माझा नमस्कार.

'हे एक न्यूटन-मीटर तरी पुशरॉडचंच ना?' मग होंडाची हायनेस सीबी ३५० घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साधारण ९०. म्हणजे जवळपास जुन्या बुलेटचंच माप. कॅम वर हेडमध्ये. टॉर्क ३०, आणि तो ३००० आरपीएमलाच मिळतो! कॅम खाली आहे की वर, याचं सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेला काही सोयरसुतक नसतं. व्हॉल्व्ह कधी उघडतो, किती उघडतो, किती वेळ उघडा राहतो, सीसी किती, कॉम्प्रेशन किती, यावर टॉर्क ठरतो.

मग हा समज आला कुठून? पुशरॉड, टॅपेट, रॉकर हे सगळं वजन प्रत्येक वेळी हलवावं लागतं. इंजिनाचे फेरे फार वाढले की स्प्रिंगला ते आवरत नाही, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो. म्हणून अशी इंजिनं बहुधा कमी फेऱ्यांसाठीच बांधली जातात आणि त्यांचा टॉर्क कमी फेऱ्यांनाच मिळतो. मर्यादा होती, तिलाच लोकांनी गुण म्हणून मिरवलं.

राहिली पॉवर. ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, कॅमचा पत्ता त्या गणितात येत नाही. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं सात लिटरचं व्ही८ पुशरॉडवर ६३०० आरपीएमला ५०५ हॉर्सपॉवर देत होतं. हवा आत घेणारे (इनटेक) व्हॉल्व्ह हलक्या टायटॅनियमचे. वजन कमी करायला खर्च करावा लागतो, एवढंच.

तरी जुनी बुलेट जास्त ओढते असं वाटतं खरं. त्यात जड फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाचा, हात मोठा. क्लच सोडल्यावर त्यात साठलेली ऊर्जा गाडीला पुढे ढकलते, तो इंजिनाचा टॉर्क नव्हे. शिवाय नव्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे पायाला आणि हँडलला धडधड कमी लागते, आणि ओढही कमी झाल्यासारखी वाटते.