उत्तर बरोबर, रीत बरोबर, मग मार्क कशाचे कापले?

भाचीचा गणिताचा पेपर तपासून आला तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. इंदूरच्या भंवरकुआं भागातला क्लास, फीचा आकडा ऐकून घेरी यावी, आणि तिथले सर आठवीतल्या पोरीनं अचूक सोडवलेलं गणित लाल पेनानं आडवं कापतात! बाजूला शेरा: 'एक्स कहाँ है?' पाचपैकी एक मार्क. तोही उत्तराचा म्हणे.

गणित असं होतं. तिघे मित्र. पहिला आपल्याजवळच्या पैशांतून बाकी दोघांना, त्यांच्याकडे जेवढे आहेत तेवढेच आणखी देतो. मग दुसरा तसंच करतो, मग तिसरा. शेवटी तिघांकडे २४-२४ रुपये. तर सुरुवातीला कोणाकडे किती होते?

पोरीनं पेन्सिलीनं तीन रकाने आखले आणि सगळ्यात खालची ओळ आधी लिहिली: २४, २४, २४. तिसऱ्यानं देण्याआधी बाकी दोघांकडे याच्या निम्मे, म्हणजे १२ आणि १२. पैसा तिघांतच फिरतोय, एकूण ७२ च राहणार, म्हणून तिसऱ्याकडे ४८. त्याच्या वरची ओळ ६, ४२, २४. त्याच्याही वर ३९, २१, १२. झालं! शिवाय ताळा करून दाखवलाय: ३९ मधून २१ आणि १२ दिले, उरले ६. प्रत्येक ओळीच्या टोकाला बारीक अक्षरात ७२ लिहून ठेवलेत, बेरीज चुकली तर तिथल्या तिथे कळावं म्हणून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सरांना फोन केला. म्हणाले, 'मैडम, एक्स तो मानना पड़ेगा. बोर्ड में स्टेप्स के मार्क होते हैं.' अहो, मग त्या चार ओळी म्हणजे काय रांगोळी आहे का? त्याच तर स्टेप्स! प्रश्नात 'समीकरण मांडून सोडवा' असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. आणि बोर्डाचं नाव कशाला पुढे करता? पर्यायी रीत बरोबर असेल तर तिला मार्क द्यायचे, हे सीबीएसईच्या तपासनिसांनाही सांगितलेलं असतं.

बरं, यांची स्वतःची बीजगणिताची रीत तरी धड असावी? वहीत उतरवून घेतलेलं बघितलं. एक्स, वाय, झेड, कंसात कंस, दीड पान. अरे, एक्सच मानायचा तर एकच पुरतो! पहिल्याकडे एक्स, तर बाकी दोघांकडे मिळून ७२ वजा एक्स. तेवढे देऊन झाल्यावर त्याच्याकडे राहतात दोन एक्स वजा ७२. पुढच्या दोन फेऱ्यांत ते दोनदा दुप्पट होतात आणि २४ होतात. म्हणजे आधी ६ होते. दोन एक्स ७८, एक्स ३९. तीन ओळी! पण त्यासाठी एकूण रक्कम बदलत नाही हे आधी दिसायला हवं, आणि ते दिसलं कोणाला? जिचे मार्क कापले तिला.

उलट जाण्याची ही रीत काही पोरखेळ नाही. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात ती एका श्लोकात दिली आहे: गुणाकाराचा भागाकार करा, भागाकाराचा गुणाकार, मिळवलेलं वजा करा, वजा केलेलं मिळवा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तिचा नियम आहे. रामबागेत आमच्या ओट्यावर म्हातारी माणसं असलीच कोडी तोंडी घालायची आणि पोरं चिंचोके मांडून मागे मागे जात उत्तर काढायची.

बीजगणिताशी माझं वैर नाही. भास्कराचार्यांच्याच बीजगणितात एक उदाहरण आहे: एक म्हणतो, तू मला १०० दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट धन होईल; दुसरा म्हणतो, तू मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट. इथे प्रत्यक्षात कोणी काही दिलेलंच नाही, दोन्हीकडे नुसतं 'जर'. शेवटची रक्कमच माहीत नाही, तर मागे येणार कुठून? इथे समीकरणं मांडावीत, आणि ४० व १७० ही उत्तरं काढावीत. कुठे मागून यायचं आणि कुठे एक्स धरायचा, हा फरक शिकवायलाच तर क्लास लावला होता ना?

तो राहिला बाजूला, आणि आता पोरगी साध्या सुट्या पैशांच्या हिशेबालाही विचारते, 'मावशी, यात एक्स मानू ना?' उत्तर तोंडावर असतं, पण ते लिहायला घाबरते. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

शनिवारी पेपर घेऊन क्लासला जाणार आहे. राहिलेले चार मार्क सरांनी तिच्यासमोर वाढवायचे आणि खाली सही करायची. टाळाटाळ केली तर फीची पावती माझ्या पर्समध्येच आहे, उरलेल्या महिन्यांचे पैसे तिथेच परत मागेन.