गर्भाशय सरकत नाही, आणि 2022 मध्ये कोणी पळूनही गेलं नव्हतं

गुरुवारी रात्री वहिनीचा मेसेज आला. "ताई, हे खरं आहे का हो? मी आज तिला प्रॅक्टिसला पाठवलं नाही." खाली तो फॉरवर्ड. वर 'जनहितार्थ', शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. भाची 14 वर्षांची आहे, फुटबॉल खेळते, लेफ्ट विंगला. तिचे स्टड्स, म्हणजे खेळायचे बूट, माळ्यावर गेले होते, जुन्या कुकरच्या मागे.

चार दावे आहेत. फुटबॉलमध्ये धावून-आदळून मुलींचं गर्भाशय सरकतं आणि पुढे मूल होत नाही. महिला फुटबॉल हे आपल्याकडचं चार दिवसांचं फॅड आहे. 2022 च्या महिला आशिया चषकात आपल्या मुली घरच्या मैदानावरून पळाल्या. आणि 2025 मध्ये भारत आशिया चषकाला पात्र ठरल्याचं कौतुक म्हणजे नुसतं मंगोलियाला हरवल्याचा गाजावाजा.

गर्भाशय म्हणजे खुंटीला लटकवलेली पिशवी नव्हे, की धक्का लागला आणि घसरली. कटीच्या हाडांच्या कड्यात ते स्नायूंनी आणि बंधांनी धरून ठेवलेलं असतं. आपल्या आज्या ज्याला 'अंग बाहेर येणं' म्हणायच्या ते होतं, नाही असं नाही. पण त्याची मुख्य कारणं बाळंतपणं आणि वाढतं वय. म्हणजे फॉरवर्डवाल्याने गाडी उलटी जुंपलीय. मूल झाल्यामुळे जे होऊ शकतं, ते दाखवून तो मूल होणार नाही म्हणून घाबरवतोय! अमेरिकेची फुटबॉलपटू अ‍ॅलेक्स मॉर्गन हिला 2020 च्या मे महिन्यात मुलगी झाली आणि पुढच्या वर्षी ती टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळून कांस्यपदक घेऊन आली.

ही थाप नवीही नाही. डिसेंबर 1920 मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला 53,000 लोक आले होते. वर्षभरात, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. तेव्हाही बायकांच्या शरीराला हे झेपत नाही म्हणून सांगणारे डॉक्टर पुढे आले होतेच. शंभर वर्षांपूर्वीचं शिळं आता आपल्या फॅमिली ग्रुपवर गरम करून वाढलं जातंय.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत, ती एसीएल म्हणतात ती, मुलांपेक्षा बरीच जास्त होते. आणि मुलगी खूप धावली, पण पोटभर जेवली नाही, तर पाळी थांबू शकते. पण त्याला इलाज ताट आहे, माळा नाही.

आता 2022. माझं डोकं सगळ्यात जास्त इथे फिरलं. आशिया चषक आपल्याच राज्यात होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. 20 जानेवारीला इराणशी 0-0 बरोबरी झाली. 23 तारखेला नवी मुंबईत चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता, आणि तोवर बायो-बबलमध्ये, म्हणजे खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलेल्या सुरक्षित वर्तुळात, कोरोना घुसला होता. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान 13 खेळाडू हजर लागतात. आपल्याकडे तेवढ्या उरल्या नाहीत, आणि नियमानेच संघाने माघार घेतली असं धरलं गेलं. इराणबरोबरचा गुणही पुसला गेला, 2023 च्या विश्वचषकाची वाटही तिथेच बंद झाली. खोलीत बंद होऊन पडलेल्या पोरींना 'पळाल्या' म्हणायला जीभ कशी रेटते?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, कारण कारभारात बाहेरचा हस्तक्षेप. गोकुलम केरळा या क्लबच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्याही होत्या. न खेळता परतल्या. तेव्हाही त्याच पळाल्या होत्या का?

फॅडवाल्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. 1979-80 च्या सुमारास कालिकतला आणि 1983 मध्ये थायलंडमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धांत भारत उपविजेता होता. फुटबॉलपटू शांती मलिक यांना 1983 चा अर्जुन पुरस्कार आहे. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा 2010 पासून 2019 पर्यंत सलग पाच वेळा आपण जिंकलीय. फुटबॉलपटू बेमबेम देवींना पद्मश्री मिळालीय. चार दिवस जरा लांबले म्हणायचे.

राहिला मंगोलिया. 13-0 हा स्कोअर खरा आहे, आणि हो, मंगोलिया दुबळाच संघ. पण आशिया चषकाचं तिकीट त्या सामन्यात मिळालं नाही. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत भारत आणि थायलंड दोघांचे गुण सारखे, दोघांचे 22 गोल, दोघांवर एकही नाही. थायलंड म्हणजे 2015 आणि 2019 चे विश्वचषक खेळलेला, क्रमवारीत आपल्यापेक्षा वरचा संघ, आणि मैदान त्यांचंच, चियांग मायचं. 5 जुलै 2025. संगीता बसफोरने 29 व्या मिनिटाला लांबून मारलेला गोल बघा, फॉरवर्डपेक्षा कमी वेळ लागतो. थायलंडने दुसऱ्या अर्धात बरोबरी केली, 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. 2-1. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची आपली ही पहिलीच वेळ होती.

हे सगळं वहिनीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: "गुडघ्याचं काय ते नीट सांगा." हा मात्र खरा प्रश्न. म्हटलं, फिफाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप असतो, त्यात एका पायावरचा तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम असं सगळं येतं, आणि नियमित केला तर दुखापती चांगल्याच कमी होतात. कोचना विचार, करून घेतात का.

तिने विचारलं. ते म्हणाले, ग्राउंडला दोन राउंड मारतो आणि सुरू करतो. स्टड्स खाली आलेत, पण शनिवारी मी स्वतः ग्राउंडवर जाणार आहे.