दौडीची वेबसाइट नवी करा, पण जुने निकाल पुसू नका

मंडळी, आपल्या गावच्या वार्षिक दौडीची वेबसाइट यंदा नव्याने होतेय. समितीच्या बैठकीत पहिला नमुना पाहिला. सगळ्यात वर ड्रोनचा व्हिडिओ, त्याखाली प्रमुख पाहुण्यांचे फोटो, मग प्रायोजकांची सरकती पट्टी. दौड किती वाजता, कुठून सुटणार, हे बरंच खाली. दिसायला देखणी आहे, वादच नाही. पण मागच्या वर्षांचे निकाल कुठेच दिसले नाहीत. विचारलं, तर उत्तर मिळालं, "जुनं कोण बघतंय?"

बघतात. पहिल्या तिघांचं नाव पेपरात येतं, करंडक घरच्या कपाटात राहतो. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बूट बांधून पाच किलोमीटर पूर्ण केलेल्या काकूंचं नाव मात्र निकालाच्या यादीखेरीज दुसरीकडे कुठेच नसतं. नोंदणीच्या टेबलावर बसते तेव्हा दरवर्षी ऐकते, "मागच्या वेळी किती लागले होते हो मला?" त्या माणसाला आपण काय सांगणार, नवी वेबसाइट केली म्हणून तुमची वेळ गेली?

इंग्लंडमधलं पार्करन बघा. २ ऑक्टोबर २००४ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले, तिथून ते सुरू झालं. दर शनिवारी पाच किलोमीटर, पैसे नाहीत, सगळं काम स्वयंसेवकांचं. नोंदणी एकदाच करायची, तेव्हा मिळालेला बारकोड पुढे कायम चालतो. त्यांच्या निकालाच्या पानावर क्रमांक, वयोगट, वेळ असतेच, शिवाय त्या माणसाची आजवर किती पार्करन झाली हेही असतं. आणि खाली त्या दिवशीच्या स्वयंसेवकांची नावं. मला हे फार आवडतं. पहाटे पाण्याच्या टेबलावर उभ्या राहणाऱ्या आपल्या कॉलेजच्या पोरांची नावं आपण आजवर कुठे लिहिली आहेत?

याच पार्करनने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेबसाइटवरून मार्गाचे विक्रम आणि सर्वात वेगवानांच्या याद्या काढून टाकल्या. नवख्या माणसाला ते आकडे बघून बिचकायला होऊ नये, हा विचार. जुने धावपटू चिडले, बरीच ओरड झाली. मला दोन्ही बाजू पटतात. पहिलं पान सर्वात वेगवान माणसाचं असायलाच हवं असं नाही. पण त्यांनीही दर शनिवारचे निकाल ठेवलेच. ज्यांनी विक्रम झाकले त्यांनीसुद्धा शेवटच्या माणसाची वेळ पुसली नाही, हे समितीने लक्षात घ्यावं.

निकाल नीट लिहिणं हेही कामच आहे. गन टाइम (दौड सुटल्यापासूनची वेळ) आणि चिप टाइम (धावणाऱ्याने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ), दोन्ही द्या. गर्दीत मागे उभ्या असलेल्याला सुरुवातीच्या रेषेवरच्या, चिप टिपणाऱ्या मॅटपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात, ती त्याच्या खात्यावर का घालायची? वयोगट लिहा, जन्मतारीख नको. फोन नंबर तर अजिबात नको. नोंदणीच्या वेळी रक्तगट आणि घरच्यांचा नंबर आपण घेतो तो अडीअडचणीसाठी, जगाला दाखवायला नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. तारीख, सुटण्याची वेळ, जागा, बिब (छातीवर लावायचा क्रमांक) कधी आणि कुठे मिळणार, कट-ऑफ (दौड पूर्ण करायची मुदत) किती, हे मोबाइल उघडताच पहिल्या पडद्यावर दिसलं पाहिजे. गाड्या कुठे लावायच्या आणि स्वच्छतागृहं कुठे आहेत, हे नकाशावर दाखवा. पहाटेच्या अंधारात पहिल्यांदाच एकटी येणारी बाई आधी तेच शोधते. मार्गासोबत चढ-उताराचा आलेख द्या. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढायचाय हे जाणारा आधीपासून जाणून असतो. आपला पुलानंतरचा चढ मात्र बाहेरून येणाऱ्याला तिथे पोचल्यावरच कळतो. आणि मराठी मजकूर मजकूर म्हणूनच टाका, पोस्टरचं चित्र चिकटवू नका. चित्रातली अक्षरं मोबाइलवर मोठी करून वाचताना साठीतल्या माणसाची दमछाक होते, आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोन ती वाचूनच दाखवू शकत नाही.

प्रायोजक हवेतच, त्यांच्याशिवाय दौड उभी राहणार नाही. त्यांच्या नावाचं वेगळं, छान पान करा, प्रत्येक पानाच्या तळाशीही नाव द्या. पाहुण्यांचे फोटो कार्यक्रम झाल्यावर टाका.

रविवारच्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे की जुने निकाल नव्या साइटवर येईपर्यंत जुनी बंद करू नये, आणि आले की प्रत्येक वर्षाला कायमचा एक पत्ता द्यावा. सुरुवातीच्या वर्षांचे निकाल तर कधी साइटवर चढलेच नव्हते, कागदावरच राहिले. ज्यांच्याकडे ती छापील पत्रकं, एक्सेलच्या फायली किंवा फलकावर लावलेल्या यादीचा फोटो असेल, त्यांनी मला मेसेंजरवर पाठवा. टाइप करायला मी बसते, आणखी दोघं-तिघं सोबत आली तर पावसाळ्याआधी होऊन जाईल.