नुसतं इम्पोर्ट तर करायचंय

‘जुना सर्व्हे आहे, नुसतं इम्पोर्ट तर करायचंय,’ असं सर सोमवारी म्हणाले तेव्हाच काहीतरी कारण काढून सटकायला हवं होतं. आज गुरुवार, रात्रीचे साडेअकरा.

फाइल डीबेस थ्रीची, म्हणजे माहितीचे तक्ते ठेवायचं 1984 सालचं सॉफ्टवेअर. त्यात कॉलमच्या नावाला जास्तीत जास्त दहा अक्षरं, त्यामुळे फाइल बनवणाऱ्या भल्या माणसाने ‘एचएच_एमबी_ओसी2’ असली नावं ठेवलीयेत. कोडबुक, म्हणजे कुठल्या नावाचा नि आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी वही, कुठंय विचारलं तर ‘होतं एक, निळ्या कव्हरचं’ एवढंच कळलं.

आधी ओडीबीसीचा, म्हणजे एका सॉफ्टवेअरचा डेटा दुसऱ्याला वाचून देणाऱ्या सोयीचा, नाद केला. ड्रायव्हर 32 बिटचा, माझं सॉफ्टवेअर 64 बिटचं, दोघांचं बोलणं बंद आणि मध्ये निरोप द्यायला कोणी नाही, त्यात मंगळवार गेला. मग कोणीतरी म्हणालं अरे ती आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा ‘आर’ वापर की, त्यातल्या फॉरेन पॅकेजमध्ये डीबेसच्या डीबीएफ फाइली वाचणारं ‘रीड डॉट डीबीएफ’ आहे. एका ओळीत फाइल आत! खुर्चीत ऐसपैस टेकलो आणि समरी काढली.

भेटीची सरासरी तारीख : एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख आणि वर काही हजार. तारीख नंबर म्हणून भरलेली, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळं एकाला एक चिकटून. बरं, ते सुटलं. पुढे 99 वर्षांचे 61 जण निघाले आणि त्यातले 12 चक्क शाळेत जाणारे. 99 म्हणजे ‘माहिती नाही’ हे कळेपर्यंत मला त्या लोकांच्या जिद्दीचं फार कौतुक वाटत होतं.

शेरा कॉलममध्ये नुसते आकडे. कारण मेमोचा, म्हणजे असल्या लांबलचक शेऱ्यांचा, मजकूर डीबीएफमध्ये नसतोच, तो शेजारच्या डीबीटी फाइलमध्ये, इथे फक्त कितव्या ब्लॉकात बघायचं तो नंबर. आणि डीबीटी कॉपी करायची कोणाच्या डोक्यात आलंच नाही. सोडून दिलं.

पण खरा घोळ पुढेच. जुन्या रिपोर्टात माणसं 1204, माझ्याकडे 1247. तीनदा मोजली, तेवढीच. शेवटी हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइल आहे तशी बाइट बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडली तर प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीला एक रिकामी जागा, पण काहींच्या आधी छोटासा स्टार. तेव्हा आठवलं, डीबेसमध्ये डिलीट केलं की रेकॉर्ड जात नाही, नुसता स्टार लागतो आणि ‘पॅक’ची कमांड देईपर्यंत तो गुपचूप तिथेच पडून राहतो. ती कमांड कोणी दिलीच नव्हती, आणि माझ्या इम्पोर्टने स्टारकडे ढुंकून न बघता सगळ्यांना सरसकट आत घेतलं होतं, काढून टाकलेली मंडळी माझ्या सरासरीत मजेत बसलेली.

स्टारवाले हाकलले. किती? 42.

म्हणजे 1205. एक माणूस अजून जास्तीचा आहे आणि मी त्याला शोधतोय. संशय त्या शाळकरी बारांवर आहे.