सर, तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरबद्दल

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोप लागेपर्यंत तीच डोक्यात होती. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. सर सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. शाळेत एकाच वेळी आलेले, अगदी सारखे दोन जुने कॉम्प्युटर आहेत. जी-३१ चिपसेटचा (म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांचा) मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी डीडीआर-टू रॅम. जुन्या मशीनवर लिनक्स टाकण्याबद्दलचा माझा मागचा लेख वाचून त्यांनी दोन्हींवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायला घेतली. पहिल्यावर ती बसली. दुसऱ्याबद्दल सरांचेच शब्द देतो: ‘‘सकाळी ५५ टक्क्यांवर हँग झालं. लगेच परत केलं तर ४०ला. दुपारी २२ला. तुमचं ते नोमोडसेट पाच वेळा टाकून पाहिलं. दोन रविवार वाया गेले. याच मशीनवर विंडोज सेव्हन बिनतक्रार चालत होतं. एसीत बसून लेख लिहिणं सोपं असतं. भंगार ते भंगारच, लोकांना उगं आशेला लावू नका.’’

सर, दोन रविवारांचा दोष माझा आहे. लेखात मी सरळ लिहून टाकलं होतं की इन्स्टॉल करताना मशीन हँग झालं तर सुरुवातीच्या मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि एफ-१० दाबा. कोणत्या हँगवर हे औषध चालतं ते लिहिलंच नाही. ताप कशाचा आहे हे न बघता सगळ्यांना एकच गोळी दिल्यासारखं झालं ते. आज सकाळी लेखातला तो भाग काढून नव्याने लिहिला.

नोमोडसेटचं काम एवढंच असतं: कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर लावून स्क्रीनचा मोड बदलायचा नाही, बायोसने (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने) जे साधं चित्र दिलं त्यावर भागवायचं. म्हणून मेनूतून निवड केल्याबरोबर स्क्रीन काळा पडतो, रेघोट्या येतात किंवा लोगोवरच सगळं थांबतं, तिथे ते उपयोगी पडतं. जुनं एनव्हिडियाचं कार्ड असेल तर विशेषच. मिंटच्या मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असतो, त्यातही हेच असतं. तुमच्याकडे तर डेस्कटॉप दिसला, माउस हलला, इन्स्टॉलर उघडला, फाइली कॉपी व्हायला लागल्या. म्हणजे ग्राफिक्सची वेस तुम्ही केव्हाच ओलांडली होती. तिथून पुढे नोमोडसेट पाच वेळा टाका नाहीतर पन्नास वेळा, फरक पडणार नव्हता.

आता तुमच्या दुसऱ्या मशीनकडे येतो. तुम्ही रागाने लिहिलंत, पण इतकं नेमकं लिहिलंत की निदान जवळजवळ त्यातच आहे.

तोच पेनड्राइव्ह, तेच मिंट, तसाच बोर्ड, आणि पहिलं मशीन चालू झालं. म्हणजे आयएसओ फाइल (डाउनलोड केलेलं मिंट) चांगली आहे, पेनड्राइव्ह चांगला आहे आणि लिनक्सला तो बोर्ड चालतो. परत डाउनलोड करण्यात डेटा घालवू नका. हार्ड डिस्कवर एखादी जागा खराब असती तर गाडी साधारण दरवेळी त्याच टक्क्यांच्या आसपास अडली असती. तुमची ५५ला अडली, मग ४०ला, मग २२ला. हे आकडे उतरत गेलेत, सर. सकाळी थंड मशीन सगळ्यात लांब गेलं. लगेच परत चालू केलेलं, म्हणजे आधीच तापलेलं, कमी गेलं. आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत सगळ्यात कमी. माझा पहिला संशय उष्णतेवर आहे, दुसरा रॅमवर.

एसीचं म्हणाल तर मी परभणीत राहतो आणि माझ्याही डोक्यावर पत्राच आहे. उष्णतेचा धडा मला मानवतला कापसाच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मिळाला. तिथला कॉम्प्युटर रोज दुपारी हँग व्हायचा. उघडून पाहिला तर प्रोसेसरवरचा पंखा स्वच्छ होता आणि भिंगरीसारखा फिरत होता, म्हणून मी तासभर भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी पंखा काढला. त्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, सरकीच्या लवेचा आणि धुळीचा एक थर बसलेला होता. नखाने कड उचलली तर अख्खा निघाला, घोंगडीच्या तुकड्यासारखा, पंख्याच्या गोल आकाराचा. हवा वरून येत होती आणि त्या घोंगडीवरच अडत होती. त्याखाली चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक वर आलेली होती, त्यामुळे हीटसिंक, म्हणजे तो पात्यांचा ठोकळा, एका बाजूला कललेलं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वर पोचवणारी पेस्ट तर वाळून चुन्याची खपली झाली होती. तुमच्या शाळेत जिनिंग नाही, पण खडू आहे, मैदानाची माती आहे आणि वर्गाची खिडकी उघडीच असते.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि फारच तापला तर मशीन बंद पडतं. बंद न पडता जागच्या जागी हँग होतं, तेव्हा पुष्कळदा शेजारचा चिपसेट किंवा रॅम तापलेली असते. त्यांच्यावर वेगळा पंखा नसतो. प्रोसेसरच्या पंख्याची खाली येणारी हवा बोर्डावर पसरते, तिच्यावरच त्यांचं भागतं. ती हवा लवेने अडवली की सगळं शेजार तापतं.

म्हणून या आठवड्यात इन्स्टॉलरला हातच लावू नका. दुसरं मशीन सकाळी चालू करा, डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि ‘पीसी हेल्थ’ किंवा ‘हार्डवेअर मॉनिटर’ असं जे पान असेल ते उघडा. सीपीयूचं तापमान कागदावर लिहून घ्या. दहा मिनिटं नुसतं बसा, परत लिहा. मग पहिल्या मशीनवर तसंच करा. जुळी मशीनं शेजारी असणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं भाग्य असतं. दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक निघाला, किंवा दुसऱ्याचा आकडा सत्तरीच्या वर चढतच राहिला, तर शोध तिथेच संपला. वायर काढून मशीन उघडा. चारही खुंट्या बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढा, हीटसिंक हळूच हलवत काढा, पाती रंगकामाच्या ब्रशने साफ करा, जुनी पेस्ट पुसा आणि नव्या पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका द्या. खुंट्या परत बसवताना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा आणि प्रत्येकीचा ‘टक्’ असा आवाज ऐका. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही. उघडलंच आहे तर बोर्डावरचे कपॅसिटरही (छोटे उभे गोल डबे) बघा. डोकी सपाट हवीत. फुगली असतील, तपकिरी पाणी सुटलं असेल, तर तो बोर्ड खरंच भंगारात द्या आणि बाकीचे सुटे भाग पहिल्यासाठी जपून ठेवा. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.

तापमान दोन्हींचं सारखं निघालं तर रॅम. पट्टी काढून तिची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने घासायची, हे आपल्याकडे प्रत्येक दुकानात करतात आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर पहिल्या मशीनची रॅम दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पहिल्यात घाला. दुखणं रॅमबरोबर पहिल्या मशीनमध्ये गेलं तर चोर सापडला. पक्कं करायचं असेल तर पेनड्राइव्हच्या मेनूतली ‘मेमरी टेस्ट’ रात्रभर चालू ठेवा. एकसुद्धा लाल ओळ दिसली तरी ती पट्टी बाद. हजार वेळात एकदा चुकते म्हणून चालवून घेऊ नका, मुलांच्या फाइली त्यावरून जाणार आहेत. रॅमही सुटली तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) अदलाबदल करून बघा. ते उघडायचं मात्र नाही. तुमच्याकडे संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दिवे मिणमिणत असतील तर इन्स्टॉलचं काम त्या वेळेला ठेवू नका.

आणखी एक. मशीन हँग झालं की लगेच बटण दाबून बंद करू नका, आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे. कंट्रोल-आल्ट-एफ-टू दाबून काळ्या पडद्यावर जा आणि तिथे ‘sudo dmesg’ (सुडो डीमेसेज) ही आज्ञा देऊन शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. दिवा हलतच नसेल तर सगळंच थांबलंय. आणि गोल पिनचा जुना कीबोर्ड असेल व त्याचे दिवे आपोआप उघडझाप करत असतील तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच कोसळलाय. या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. हे तर मागच्या लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

विंडोज सेव्हन चालत होतं हा तुमचा मुद्दा मी टाळत नाही. ते चालत होतं, कारण त्यावर पत्र टाइप होत होतं, फार तर शाळेची माहिती भरली जात होती. इन्स्टॉल करताना प्रोसेसर सलग अर्धा-पाऊण तास दाबून भरलेल्या फाइली उलगडत असतो, आणि लिनक्स रिकामी दिसेल ती रॅम फाइलींसाठी वापरून घेतं. रॅमचा एखादा खराब कोपरा हलक्या कामात जाणवला नसेल, तर इथे तो जाणवतो. बैलगाडी गावात चालते तोवर चाकाचा आस तडकलेला कळत नाही. ऊस भरला की कळतो. आणि परत सेव्हनवर जाण्यात अर्थ नाही. १४ जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेचे अपडेट नाहीत आणि शाळेचा पेनड्राइव्ह गावभर फिरतो.

राहिलं ‘भंगार ते भंगारच’. सर, त्याच वयाचं, त्याच बोर्डाचं, तेवढ्याच रॅमचं तुमचं पहिलं मशीन आज मिंटवर चालू आहे. वय हे कारण असतं तर ते आधी बंद पडलं असतं. २ जीबी ही मिंटची किमान गरज आहे, ४ जीबी असलेली बरी, हे मी मान्य करतो. ब्राउझरचे चार टॅब उघडले की तुमचं मशीन धापा टाकणार. पण मराठी टायपिंग, गणिताचे खेळ, स्प्रेडशीट, चित्र काढणं एवढं ते करतं, आणि तुमच्या शाळेत मुलांनी हात लावावा असं दुसरं काही नाही हे तुम्हीच लिहिलंय. त्या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहीत बसलो.

मला येत्या रविवारी सेलूला यायचंच आहे. डीडीआर-टूची एक चांगली पट्टी, पेस्टची ट्यूब आणि ब्रश सोबत आणतो. तुम्ही फक्त दोन्ही मशीनचे तापमानाचे आकडे, आधीचे आणि दहा मिनिटांनंतरचे, शनिवारपर्यंत इथेच खाली लिहा.