पांढरा पट्टा आणि वाफेची नदी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्रावरून येणाऱ्या वातावरणीय नदीबद्दल, म्हणजे भरपूर वाफ वाहून नेणाऱ्या हवेच्या लांब, अरुंद पट्ट्याबद्दल, मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश, दोन वेळा वाचली. आयुष्यभर फुगे सोडून वरच्या हवेची निरीक्षणे नोंदवण्याचे काम केलेल्या माणसाने एवढ्या बारकाईने लिहावे, याचे मला मोल वाटते. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी ते पूर्णच द्यावे, असे ठरवले.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. मी इन्सॅट या भारतीय उपग्रहाच्या ‘वॉटर व्हेपर’ (पाण्याची वाफ) चॅनेलमधील जुलैतले एक चित्र घेतले, त्यातल्या पांढऱ्या पट्ट्यावर लाल बाण काढला आणि ‘ही पाहा नदी’ असे खाली लिहिले. ते चित्र वरच्या थरांचे असते आणि त्यात नदी दिसू शकत नाही, हा आपला पहिला आक्षेप आहे. वातावरणीय नदी ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी घडलेली कल्पना असून आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना ते नाव देण्याचे कारण नाही, असे आपण पुढे म्हणता. खडकवासला धरणसाखळीशी मी केलेली तुलना पुणेकरांना विनाकारण घाबरवते, असेही आपले मत आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या हातून झालेली चूक केवळ शब्दांची नव्हती, त्यामुळे ती नीट उलगडून सांगणे मला आवश्यक वाटते. या चॅनेलमधील उपकरण 6.8 मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण टिपते. या तरंगलांबीचे किरण पाण्याची वाफ शोषून घेते, त्यामुळे जमिनीजवळून निघालेले किरण उपग्रहापर्यंत पोहोचतच नाहीत आणि चित्रात जे उमटते ते साधारण 5 ते 10 किलोमीटर उंचीच्या थरातून आलेले असते. वातावरणातील निम्म्याहून अधिक वाफ मात्र पहिल्या दोन किलोमीटरांत असते. म्हणजे ज्या थरात नदी वाहते, तो थर या चित्रात झाकलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अरबी समुद्राच्या पश्चिम भागातच सापडते, आणि ते मी लेखात द्यायला हवे होते. जुलैत तिथे वरच्या थरांत अरबस्तानाकडून आलेली कोरडी हवा पसरलेली असते, त्यामुळे वॉटर व्हेपर चित्रात तो भाग काळपट दिसतो. पण त्याच काळपट भागाखाली, समुद्रापासून जेमतेम एक-दीड किलोमीटर उंचीवर, हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी 1969 मध्ये दाखवून दिलेला सोमालियाजवळचा वेगवान वारा वाहत असतो आणि आपल्या पावसाची वाफ तोच पुढे रेटत असतो. चित्र जिथे ‘कोरडे’ म्हणते, तिथेच खाली वाफेची वाहतूक भरात असते.

दुसरी गोष्ट आपण सुचवली नाहीत, पण आपल्या प्रतिक्रियेमुळेच ती माझ्या ध्यानात आली. दर अर्ध्या तासाची इन्सॅटची चित्रे एकापाठोपाठ लावून जुलैचे चलचित्र पाहिले, तर किनाऱ्यावरच्या उंच ढगांचे विरळ माथे पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, ओढले जाताना दिसतात. सुमारे 15 किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा तो परिणाम असतो. खाली वाफ पश्चिमेकडून पूर्वेला येत असते आणि वर ढगांचे माथे नेमके उलटे जात असतात. केवळ ढगांच्या हालचालीवरून प्रवाहाचा माग काढायला बसलेला माणूस वाफ भारतातून अरबस्तानाकडे जाते, असे खुशाल म्हणेल. मी एकच स्थिर चित्र निवडले, म्हणून ही विसंगती माझ्याही नजरेतून सुटली.

मग उपग्रहांच्या साहाय्याने या प्रवाहाचा माग घेता येत नाही का? येतो, पण त्यासाठी वेगळे डोळे लागतात. पाण्याची वाफ 22.235 गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह किरणे शोषते आणि उत्सर्जितही करते. या किरणांत समुद्राची पार्श्वभूमी थंड दिसते आणि तिच्यावर वाफेचा उबदार ठसा स्पष्ट उठतो; पाऊस नसलेल्या ढगांचा अडथळाही फारसा होत नाही. 1987 मध्ये अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहावर असे उपकरण गेले, तेव्हापासून समुद्रावरील हवेच्या उभ्या स्तंभात एकूण किती मिलिमीटर पाणी वाफेच्या रूपात आहे, हे रोज मोजले जाऊ लागले. वातावरणीय नद्यांचे लांब, अरुंद आकार प्रथम स्पष्टपणे नकाशावर आले ते अशाच निरीक्षणांमुळे. आज जपानच्या 2012 मधील उपग्रहावरचे उपकरण हेच काम करते. याचे दुबळेपण मात्र आपल्या दृष्टीने फार अडचणीचे आहे. जमीन स्वतःच उबदार आणि ठिकठिकाणी वेगळी असल्यामुळे तिच्यावर ही पद्धत चालत नाही, आणि नदी कोकणात शिरते नेमक्या त्याच ठिकाणी हा डोळा मिटतो. शिवाय ध्रुवीय कक्षेतला उपग्रह एका जागेवरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. भारत आणि फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह 2011 मध्ये कमी कलाच्या, म्हणजे विषुववृत्ताशी लहान कोन करणाऱ्या, कक्षेत सोडला होता, तो उष्ण कटिबंधावरून दिवसातून अनेकदा जाण्यासाठीच. त्यावरचे मॅड्रास हे मायक्रोवेव्ह उपकरण 2013 च्या जानेवारीत निकामी झाले, याची हळहळ मला आजही वाटते.

हे सगळे मिळूनही हाती येते ती फक्त वाफ. नदी म्हणायची तर वाहणे आले, आणि वाहण्यासाठी वारा मोजावा लागतो. भारताच्या ओशनसॅट उपग्रह मालिकेतील स्कॅटरोमीटर हे रडारसारखे उपकरण लाटांच्या खडबडीतपणावरून समुद्रपृष्ठावरचा वारा सांगतो. वरच्या थरांसाठी ढगांचा मागोवा, विमानांच्या नोंदी आणि आपल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेसारख्या ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटणारे फुगे, यांची निरीक्षणे संगणकीय प्रारूपात एकत्र करावी लागतात. प्रत्येक थरातली वाफ गुणिले वाऱ्याचा वेग, अशी जमिनीपासून 300 हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या उंचीपर्यंत बेरीज केली की बाष्पवहनाचा आकडा मिळतो. वातावरणीय नदी ही या आकड्यांच्या नकाशावर दिसते. म्हणून लेखातले ते चित्र आणि तो बाण मी काढून टाकला आहे. त्या जागी बाष्पवहनाचा नकाशा ठेवला असून शेजारी जुने चित्र ‘येथे नदी दिसत नाही’ या ओळीसह ठेवले आहे.

आता नावाचा प्रश्न. अमेरिकेच्या हवामानशास्त्र संस्थेच्या पारिभाषिक कोशात या संज्ञेची व्याख्या करताना समशीतोष्ण पट्ट्यातील चक्रीवादळाच्या शीत सीमेपुढचा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडेपुढचा, वेगवान वारा असा उल्लेख येतो, आणि असे काही जुलैत आपल्याकडे नसते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. तिकडचे मोजमाप जसेच्या तसे इकडे आणता येत नाही, हेही मान्य. एका मीटर रुंदीतून सेकंदाला 250 किलो वाफ वाहिली की तिकडे नदी मोजायला सुरुवात होते. अरबी समुद्रावर जुलैच्या साध्या दिवशी हवेच्या स्तंभात 50 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 50 किलो वाफ आणि सरासरी 10 मीटर प्रतिसेकंद वारा धरला, तरी हा आकडा 500 वर जातो. त्या मापाने जून ते सप्टेंबर अख्खा समुद्रच नदी ठरेल, आणि मग त्या शब्दाला अर्थ उरणार नाही. म्हणूनच आपल्याकडे त्या जागेच्या आणि त्या ऋतूच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा ठळकपणे जास्त असलेला लांबट पट्टाच वेगळा काढावा लागतो. हे मी लेखात लिहिले नव्हते, ते आता जोडले आहे.

मात्र ही कल्पनाच परकी आहे, हे मला पटत नाही. न्यूवेल आणि झू या संशोधकांनी ‘नदी’ हा शब्द 1990 च्या दशकात वापरला. पण किनारा ओलांडून किती वाफ आत येते याचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच पुण्यातील उष्णप्रदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी मांडला होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतील निरीक्षणांच्या आधारे त्यांनी 1965 मध्ये असा निष्कर्ष काढला, की पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरणारी वाफ विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाफेपेक्षा बरीच जास्त आहे, म्हणजे मोठा वाटा अरबी समुद्रातील बाष्पीभवनाचा असला पाहिजे. नंतरच्या संशोधकांनी या निष्कर्षाला आव्हान दिले आणि दक्षिण गोलार्धाचा वाटा मोठा ठरवला. निष्कर्ष बदलला, पण वाफ कुठून किती वाहत येते हा प्रश्न टिकून राहिला.

आणि हा प्रश्न का महत्त्वाचा, याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. 23 जुलै 2021 च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच सुमारास चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. पावसाळ्यात कोकणावरच्या हवेच्या स्तंभात साधारण 60 मिलिमीटर पाणी असते असे धरले, तर ती सगळी वाफ एका दमात पिळून काढली तरी 60 मिलिमीटरच पडेल. जवळजवळ 600 मिलिमीटर पडायचा, तर तो स्तंभ एका दिवसात दहा वेळा रिकामा होऊन दहा वेळा भरला पाहिजे. ‘आज हवेत किती आर्द्रता आहे’ या प्रश्नाने हे कधीच कळणार नाही. मागून पुरवठा किती वेगाने आणि किती तास चालू राहणार आहे, तो सह्याद्रीला काटकोनात येऊन धडकतो आहे की किनाऱ्याला समांतर सरकतो आहे, हे पाहावे लागते. ढगांचे चित्र झालेले सांगते, तर पुरवठ्याचा नकाशा पुढे काय होऊ शकते ते सांगतो. गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1985 ते 2020 या काळातील पावसाळ्यातल्या दहा सर्वांत गंभीर पुरांपैकी सात पुरांचा संबंध अशा प्रवाहांशी होता. आपण त्यांना ‘प्रबळ मोसमी प्रवाह’ म्हणा, माझी हरकत नाही. माग काढायचे काम दोन्ही नावांखाली एकच आहे.

तुलनेबद्दल मात्र मी माघार घेत नाही. 500 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात दर मीटरला 500 किलो धरले, तर सेकंदाला अडीच लाख टन पाणी होते, म्हणजे सुमारे 88 लाख क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद). खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्या प्रवाहातले सगळे पाणी इथे ओतले, तर चारही धरणे तासाभराच्या आत भरतील. यातले सगळे पाणी कधीच पडत नाही, बरीचशी वाफ तशीच पुढे निघून जाते, हे वाक्य मूळ लेखातही होते आणि आता ते तुलनेच्या आधी ठेवले आहे. पुणेकर विसर्गाचे आकडे पावसाळाभर वाचतात, क्युसेक म्हणजे काय हे त्यांना मुठेच्या काठावरून ठाऊक असते. ज्या मापात ते विचार करतात त्याच मापात आकडा सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पर्जन्यछायेतल्या पुण्यात अशा दिवशी शहरात रिमझिम आणि ताम्हिणीत ढगफुटीसारखा पाऊस असू शकतो, आणि नदीचे पाणी मात्र वरच्या धरणांतून आपल्याकडेच येते. शहरातल्या आकाशाकडे पाहून निर्धास्त राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेवटी आपण विचारले आहे, की बेरीज 300 हेक्टोपास्कलपाशीच का थांबवायची. ती उंची साधारण साडेनऊ किलोमीटर येते. तिच्यावर हवा इतकी थंड असते की तिच्यात मावणारी वाफ एकूण बेरजेत नगण्य ठरते. शिवाय त्या थंडीत फुग्याचा आर्द्रतामापक किती मंद होतो आणि त्याच्या नोंदीवर कितपत विसंबता येते, हे माझ्यापेक्षा आपण अधिक चांगले जाणता.