बघणाऱ्याचंही नाव

ऑस्लोत नवा होतो तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं उत्पन्न मी करखात्याच्या संकेतस्थळावर शोधलं. नॉर्वेत लॉगिन करून नाव टाकलं की जन्मसाल, निव्वळ उत्पन्न, संपत्ती, कर सगळं समोर येतं. दोन दिवसांनी जेवताना तो हसत म्हणाला, "मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं." २०१४ पासून कोणी पाहिलं हे ज्याचं पाहिलं त्याला कळतं, याचा मला पत्ताच नव्हता. कान तापले. पुन्हा कुणाचं नाव टाकलं नाही.

तसं बघून हाती फार लागतही नाही. राहत्या घराची किंमत संपत्तीत धरताना बाजारभावाच्या जेमतेम पाव हिस्सा धरतात (फार महागड्या घरांच्या वरच्या किमतीला बराच जास्त), कर्ज मात्र पुरतं वजा होतं. त्यामुळे फियॉर्डकाठी घर घेतलेला माणूस यादीत शून्य संपत्तीचा निघू शकतो! घर कितीला गेलं हे मात्र गावचं वर्तमानपत्र घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या नावांसकट छापतं.

दिवाळीत साताऱ्याच्या आतेभावाशी फोनवर यावरून जुंपली. विषय होता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या, कोणती माहिती नाकारता येते हे सांगणाऱ्या कलम ८ ला कात्री लावली. व्यापक जनहितासाठी खासगी माहितीही देता येईल, असं तिथे त्याच पोटकलमात लिहिलेलं होतं, ते गेलं. ८(२) मध्ये जनहिताची वाट आहेच, असं सरकार म्हणतं. पण नकार द्यायचाच असेल तर अधिकाऱ्याला आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द पुरतात.

दादाला ते पटलेलं. "बरंच झालं. सातबारा ऑनलाइन, दस्ताचा सारांश म्हणजे इंडेक्स टू, तोही ऑनलाइन. फ्लॅटचा दस्त नोंदवला आणि त्याच आठवड्यात फर्निचरवाले, कर्जवाले मागे लागले."

मी लगेच नॉर्वेचा तोडगा पुढे केला: माहिती खुली ठेवा, फक्त बघणाऱ्याचंही नाव दिसू द्या. परदेशात राहिलं की असे तोडगे फार सुचतात.

"आणि तळेगावचे सतीश शेट्टी?" दादाने विचारलं.

मी गप्प झालो. जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणाऱ्या शेट्टींचा १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. अर्ज त्यांच्याच नावाने जात होते. माझे नुसते कान तापले होते.

तोडगा मी मागे घेतला, पण कायद्याबद्दलचं मत नाही. दादाचा त्रास खरा आहे, मात्र त्या कर्जवाल्याने नंबर मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज थोडाच केला होता? तो दार शोधत बसत नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, तीस दिवस वाट बघून साहेबांच्या मालमत्तेची माहिती मागणारा वेगळाच. कात्री लागली ती त्याला.

"मग तुला येणारे ते फोन बंद झाले का?" मी विचारलंच शेवटी.

"कुठले! आत्ता तुझा आला तेव्हा वाटलं तोच आहे."